हापशीची ओटी

माघातल्या एका सकाळी टेंभुरधऱ्याच्या हापशीच्या दांड्याला नाडी लागली.

दुर्पता पहिली कळशी भरत होती. तेरावा-चौदावा हात मारताना तिला दांडा कोमट लागला. मग आतून कुणी बोटानं टकटक करावं तसं तळहाताला जाणवू लागलं. तिनं हापसणं थांबवलं. टकटक थांबली नाही. तिनं कळशी भरून घेतली, झोपलेल्या लेकराचा हात ठेवावा तसा दांडा अलगद खाली ठेवला आणि घरी येऊन सासूला सांगितलं.

सासू, पंचफुलाबाई, दारात उभी होती. ती दारातच असायची, कारण गेल्या पोळ्यापासून तिला बसता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती. कमरेपासून मानेपर्यंत तिचा दगड झाला होता. पाठीवर बोट वाजवलं की भरलेल्या रांजणासारखा आवाज यायचा. यात नवल काही नव्हतं. टेंभुरधऱ्यात चाळिशी उलटली की माणसं हळूहळू दगड व्हायची. कुणाची मान आधी, कुणाचे गुडघे आधी. नवल होतं ते हापशीचं.

"नाडी जोरात हाय का मंद?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"मंद हाय, मामी. पन सारखी हाय."

"मंग चांगली हाय. चौदा वर्सं झाली तिले येऊन. आता कुठी बाळसं धरून रायली."

हापशी यायच्या आधी गाव नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायचं. वाळू हातानं उकरायची, खळग्यात पाणी साचेपर्यंत बसायचं, मग वाटीवाटीनं कळशीत भरायचं. वरच्या अंगाला गुरं बसायची. त्या पाण्यानं दुर्पताचा पहिला मुलगा गेला. दहा महिन्यांचा होता. दोन दिवस हगवण आणि तिसऱ्या दिवशी काही नाही. त्याचं नाव तिनं नंतर कुणाला ठेवू दिलं नाही, आणि झिरा हा शब्द त्या घरात परत कुणी उच्चारला नाही.

पुढच्याच वर्षी बोरिंगची गाडी आली. दोनशे चाळीस फुटांवर पाणी लागलं, गार आणि काचेसारखं. त्या दिवसापासून टेंभुरधऱ्यात हगवणीनं एकही लेकरू गेलं नाही. एकही नाही. पल्लवी नंतर झाली, आता नऊ वर्षांची होती. तिच्या अंगातला थेंबन् थेंब हापशीचा आहे असं दुर्पता म्हणायची, आणि ते खरंच होतं. रोज पहिली कळशी भरली की ती हापशीच्या तोटीला हात लावून तो कपाळाला लावायची. सगळ्याच बाया लावायच्या.

मंगळवारी आरोग्य उपकेंद्राच्या मानकर सिस्टर आल्या. त्यांच्याजवळ प्रत्येकासाठी एक पिवळं कार्ड होतं. कार्डावर चार ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन. जे जमणार नाही त्यापुढे फुली.


१. हात डोक्यामागे न्या.

"आजी, दोन्ही हात डोक्यामागे न्या."

पंचफुलाबाईचे हात खांद्याच्या उंचीला येऊन थांबले. ते तिथंच थांबायचे. उजव्या हातावर पल्लवीचा ओला फ्रॉक वाळत होता. तो सिस्टरनी काढून दोरीवर टाकला.

"अजून वर."

"वर काय हाय, बाई? मले जे लागते ते समोरच हाय."

सिस्टरनी फुली मारली. मग त्या हापशीकडे गेल्या, दांड्यावर तीन बोटं ठेवून घड्याळात पाहिलं. "बहात्तर," त्या म्हणाल्या. "व्यवस्थित आहे." तेही त्यांनी लिहून घेतलं. परत येताना त्यांचा चेहरा बदलला होता.

"हिचं पाणी अजून पिता तुम्ही?"

"मंग कोनाचं प्यायचं?" दुर्पता म्हणाली.

"चार वर्षांपूर्वी माणूस येऊन लाल रंग लावून गेला ना? लाल म्हणजे पिऊ नका. तिच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्यानंच हाडं अशी होतात."

माणूस आला होता यात खोटं काही नव्हतं. पण तो आला वेचणीच्या ऐन दिवसांत, भर दुपारी. अख्खं गाव कापसाच्या वावरात होतं. त्यानं डबा उघडला, हापशी तोटीपासून दांड्यापर्यंत लाल केली, सांगायला कुणी भेटलं नाही म्हणून तसाच फटफटीवर बसून निघून गेला. दिवस मावळताना बाया डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन आल्या, तर हापशी लाल. टेंभुरधऱ्याच्या शिवारात जे जे लाल आहे ते ते देव आहे, आणि खडकाला शेंदूर कुणी लावला हे तिथं कुणी विचारत नाही. पंचफुलाबाईनं गाठोडं खाली ठेवलं, चपला काढल्या, ओला रंग बोटावर घेऊन कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. जी चार घरं अजून सवयीनं नाल्यावर जायची तीही हापशीवर येऊ लागली. बाळंतिणीला पहिला घोट तिचा, मरणाऱ्याला शेवटचा तिचा, शाळेत निघालेल्या पोरांना एकेक पेला जास्तीचा.

"लाल म्हंजे देव, बाई," पंचफुलाबाई म्हणाली.

"रंग सरकारी आहे, आजी. ऑइलपेंट आहे तो."

"देवाले चालते."

सिस्टरनी पिशवीतून औषधाची एक छोटी बाटली काढून दुर्पताच्या हातात दिली. "झिऱ्याचं आणा. फडक्यानं गाळा, वीस मिनिटं खळखळ उकळा, गार झालं की कळशीला याचे पाच थेंब. पोरीला तरी तेच द्या."

दुर्पतानं बाटली पदराला बांधली. घरात तो शब्द चौदा वर्षांनी पडला होता. तो बराच वेळ जमिनीवर तसाच पडून होता. सगळ्यांनी त्याला वळसा घालून जेवणं उरकली.


२. हनुवटी छातीला टेकवा.

शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. हनुवटी टेकली ती फक्त पोरांची आणि नव्या सुनांची. बाकीच्यांनी आपली पावलं कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. कुणाच्या चपला कुणाच्या पायात होत्या ते सिस्टरनी सांगितलं, तेव्हा थोडी अदलाबदल झाली.

सिस्टर गेल्या आणि गाव आणखी आवळत गेलं. गुडघे वाकेनात म्हणून पावलं आखडली, पावलं आखडली तशी गल्ली लांबली. दुर्पताचा नवरा देवराव पारावरून घरी यायचा तेव्हा पूर्वी वाटेत अर्धी विडी संपायची. आता दोन लागू लागल्या. दारं बुटकी होती. ज्यांना वाकणं जमेना ते आत जाता जाता चौकटीतच राहिले, आणि एकेक करून गावातली सगळी दारं म्हाताऱ्या माणसांनी भरली. घरात शिरायचं तर आधी नाव सांगायचं. मग दारातला माणूस श्वास आत ओढून घ्यायचा आणि तेवढ्या फटीतून आडवं होऊन जायचं. मानेनं हो म्हणणं बंद झालं. हो म्हणायला लोक आता डोळे मिटू लागले, त्यामुळे कोण कबूल झाला आणि कोण झोपला ते कळेनासं झालं.

"तुमी झोपले का, मामी?"

"नाई व. हो म्हनून रायली."

तिकडे हापशी मऊ होत चालली होती. रंगाखाली तिला कातडी आली. सकाळच्या गारठ्यात त्या कातडीवर शहारा दिसायचा. तिची मान आधी वाकली. पल्लवी छोटा लोटा घेऊन गेली की ती तोटी खाली आणायची, अगदी लोट्याच्या तोंडाशी, थेंब सांडू द्यायची नाही. लोटा भरला की हळूच मान वर. तिच्यासमोर हात जोडावे असं वाटलं नाही तर नवल. दुर्पता हात जोडायची. मग पदराला बांधलेली बाटली चाचपायची आणि तीच कळशी घरी आणायची. झिऱ्याकडे तिचं पाऊल उचलत नव्हतं. दोन आठवडे असेच गेले.

एक दिवस दांड्याच्या मधोमध कोपर आलं. कोपराच्या आतल्या बाजूला हिरवं गोंदण होतं, पाच ठिपके आणि तुळशीचं वृंदावन. दुर्पता घरी आली आणि तिनं पंचफुलाबाईचा उजवा हात पाहिला. कोपराच्या आत नुसता पांढरट दगड होता, कोराच.

"तुमचं गोंदन तिच्या हातावर हाय, मामी."

"पाच ठिपके?"

"पाच."

"मंग माहंच." पंचफुलाबाई विचारात पडली. "वाया नाई गेलं म्हना. मले वाटलं, आपलं वाकनं कुठी सांडलं का काय."


३. उकिडवे बसा.

पहिल्या मंगळवारी पल्लवी रांगेत सगळ्यांच्या आधी बसली होती, टाचा टेकवून, हसत. तिसऱ्या मंगळवारी ती अर्ध्यावर थांबली. खुर्चीवर बसल्यासारखी दिसत होती. खुर्ची नव्हती.

"खाली बस, बाळ."

"बसत नाई."

"दुखतंय का?"

"दुखत नाई. डावा गुडघा नाई हाय माह्यापाशी."

"मग कुठे आहे?"

पल्लवीनं बोट दाखवलं. हापशी आपल्या ओट्यावर उकिडवी बसली होती, शेतावरून दमून आलेली बाई बसते तशी, दांड्याचा हात गुडघ्यावर टाकून. डाव्या गुडघ्यावर चिंचोक्याएवढा व्रण होता. पल्लवी सहा वर्षांची असताना बैलगाडीतून पडली, तेव्हाचा. हापशीचा उजवा गुडघा अजून लोखंडाचा होता.

सिस्टरनी कार्डावर फुली मारली नाही. पेन चौकोनावर धरून त्या दुर्पताकडे पाहत राहिल्या. "अजून एक गुडघा आहे," त्या म्हणाल्या. "पाणी बदललं का?"

दुर्पतानं पदराची बाटली सोडून दाखवली. ती भरलेली होती.

देवराव नट खोलायचा पान्हा घेऊन आला. "दांडाच काढून टाकतो. ना राईन दांडा, ना येईन पानी."

"तो हात हाय," दुर्पता म्हणाली. "तुमच्या मायचा हात हाय तो."

देवरावनं पान्हा पाठीमागे धरला.

"चौदा वर्सं तिनं या गावातलं एक लेकरू मरू नाई देलं," दुर्पता म्हणाली. "तिच्यापाशी जे होतं ते तिनं देलं. आता तिले जाऊ द्या. पन पान्ह्यानं नाई. ओटी भरून."

त्या भागात रीत अशी होती. लेक सासरी निघाली की तिची ओटी भरायची. आणि भरलेल्या ओटीतून चिमूटभर तांदूळ लेकीनं परत द्यायचे, माहेर रितं राहू नये म्हणून. रडत निघालेली देते, भांडून निघालेलीही देते. ती चिमूट दिल्याशिवाय टेंभुरधऱ्यातून कुणी लेक कधी गेली नव्हती. दुर्पताचा सगळा भरवसा त्या चिमटीवर होता: जाताना हापशी पल्लवीचं वाकणं परत देईल.

पण हापशीला निरोप द्यायचा तर आधी दुसरं पाणी पाहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती कळशी घेऊन नाल्यावर गेली. वाळूत तिच्या गुडघ्यांचे दोन खळगे चौदा वर्षं तसेच होते. ती त्यांत गुडघे ठेवून बसली आणि उकरू लागली. पाणी आलं. तिला पाहताच ते बोटभर खाली गेलं, चुकलेल्या माणसानं मान खाली घालावी तसं.

"असू दे," दुर्पता म्हणाली. "तवा मले उकळाचं मालूम नव्हतं, तुले कोन सांगीन."

पाणी परत वर आलं.

तिनं ते गाळलं, वीस मिनिटं खळखळ उकळलं, पाच थेंब टाकले. पहिला पेला स्वतः प्यायली. एक दिवस वाट पाहिली, दुसरा पाहिला. तिसऱ्या दिवशी सकाळपासून ती चुलीपाशी पोटावर हात ठेवून बसली आणि पोटाला ऐकत राहिली. पोट गप्प होतं. संध्याकाळी तिनं पल्लवीला पेला दिला.

"याले चुलीचा वास येते," पल्लवी म्हणाली.

"येऊ दे. पे."

पुढच्या शुक्रवारी गाव जमलं. जे चालू शकत होते ते चालत आले. लांबलेली गल्ली ओलांडायला त्यांना दोन तास लागले. पंचफुलाबाईला चौघांनी चौकटीतून सोडवून आणलं आणि रस्त्याकडे तोंड करून हापशीपाशी उभं केलं. बाकीचे आपापल्या दारांतून मोठ्यानं बोलत होते. कुणी म्हणत होतं, माझं तिसरं तुझ्याच पाण्यावर वाढलं. कुणी म्हणत होतं, मी तुला टाकून बोललो ती गोष्ट मनात धरू नको.

हापशी मान खाली घालून उकिडवी बसली होती. दुर्पतानं तिच्या गुडघ्यांवर नवा खण पसरला. तांदूळ घातले, नारळ ठेवला, हळकुंड, सुपारी. कुंकू लावलं तर लालावर लाल दिसेना, म्हणून हळदीचं बोट लावलं.

"जा माय," पंचफुलाबाई समोरच्या रस्त्याला म्हणाली. "माहा हात निगुतीनं वापरजो. जात्यावर लय चांगला चालत होता तो."

"तुह्या पान्यानं माही पोरगी जगली," दुर्पता म्हणाली. "हे मी कधी इसरनार नाई. तिले सांगीन, ती तिच्या पोराले सांगीन. आता जा."

आणि तिनं पदर पुढे केला.

हापशी हलली नाही. तिच्या मनगटावरची नाडी उडताना सगळ्यांना दिसत होती. मग गोंदण असलेला हात उचलला गेला, ओटीत गेला, आणि चिमूट घेऊन दुर्पताच्या पदराकडे आला. पदरात तांदळाचे पाच दाणे पडले. पदर मात्र पाच दाण्यांनी झुकतो त्याहून जास्त झुकला. आत काहीतरी कोमट होतं, पिकल्या लिंबाएवढं. दुर्पतानं पाहिलं नाही. तिनं गाठ मारली.

हापशी उठली. खण सावरला, नारळ काखेत घेतला आणि डांबरी रस्त्याच्या दिशेनं चालू लागली. ओट्यात जिथं ती उभी असायची तिथं भोक पडलं, आणि त्या भोकातून तिच्या मागोमाग पाइप बाहेर येऊ लागला, ओला, वाफाळता, सरपटत. बाया तिला पोचवायला शिवेपर्यंत गेल्या. शिवेवर तिनं एकदा वळून पाहिलं. मग ती लाल ठिपक्याएवढी झाली, मग तेवढीही राहिली नाही. बाया ओट्यापाशी परत आल्या तरी पाइप जातच होता.

"दोनशे चाळीस फूट कवाच झाले," देवराव म्हणाला. तो पावलांनी मोजत होता.

पल्लवी भोकापाशी आली. "माय, आत काहीतरी हाय."

"काय हाय?"

"वरून नाई दिसत."

तिनं फ्रॉक गुडघ्यांत धरला आणि ती बसली. अर्ध्यावर थांबली नाही. टाचा टेकल्या, हनुवटी छातीला लागली आणि ती भोकात वाकून पाहत राहिली.


४. उठा.

"उठली का व?" पंचफुलाबाईनं विचारलं. तिचं तोंड रस्त्याकडे होतं.

दुर्पतानं हात पुढे केला नाही; पोर आपली आपण उठते का ते तिला पाहायचं होतं. पदराची गाठ तिनं मुठीत घट्ट धरली होती, आणि गाठीच्या आत मंद, सारखी टकटक चालू होती. मायलेकींच्या मधून पाइप अजून येतच होता.